घरची शाळा आणि मुठीतलं मूल

यवतमाळात एखाद्या ख्रिस्ती घराने पोरांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं की आळीतला पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. ‘पोरगी शाळेत कावून नाही जात वो?’ असं विचारणाऱ्या काकूंना त्या पोरीला भागाकार येतो की नाही, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या पोटातली शंका वेगळीच : हे लोक लेकरांना कोंडून धर्म पाजत असणार. चार जण जमले की शंकेला फोडणी बसते. हे अमेरिकेचं खूळ आहे, हे बेकायदा आहे, पोट्टे एकलकोंडे होतील.

आईबापांचंही उत्तर तयार असतं. शाळेत शिव्या, मोबाइल, मारामाऱ्या. घरी राहिलं तर लेकरू वचनात वाढेल आणि विश्वासात टिकेल.

दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं पक्कं एकमत आहे. घरी शिकवलेलं मूल शिकवणाऱ्याच्या मुठीत राहतं, असं दोघांनीही धरून चाललेलं असतं. एकाला त्याची भीती वाटते, दुसऱ्याला त्याचाच आधार वाटतो. मला हे गृहीतच खोटं वाटतं.

याचा सगळ्यात ठळक दाखला मराठी ख्रिस्ती इतिहासातच आहे, आणि तो घडला एका कर्मठ हिंदू घरात. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हणजे बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून धर्मसभेपुढे जाब द्यावा लागलेला माणूस. रमाबाईंच्या वेळेपर्यंत ते थकले होते, त्यामुळे शिकवण्याचं काम आई लक्ष्मीबाईंकडे आलं. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हा पाठ चालला. दिवसभर घरकाम नि आल्यागेल्याची सरबराई. मग वेळ उरायची ती पहाटेची. झोपेने जड झालेल्या पोरीला आई उजाडायच्या आत अंथरुणातून उचलायची, गोंजारत जागं करायची आणि पाखरं बोलू लागायच्या सुमाराला श्लोक म्हणवून घ्यायची. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत वर्षानुवर्षं पायी फिरत राहिलं. तरी पाठ सुटला नाही.

आणि या घराचं कुंपण तरी किती उंच! १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी सांगितलं आहे की मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध येऊ नये, अशीच आईवडिलांची इच्छा होती. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याचा प्रश्नच नव्हता. लौकिक शिक्षणाने मन संसाराकडे ओढलं जातं, आणि इंग्रजी शिकून म्लेंच्छांच्या संपर्कात येणं म्हणजे तर जात गमावणं. आजच्या कुठल्याही धास्तावलेल्या पालकाला हेवा वाटावा असा हा बंदोबस्त. त्यातून निष्पन्न काय झालं? दुष्काळाच्या उपासमारीत आईवडील गेले, १८७८मध्ये ही मुलगी भावाबरोबर कलकत्त्याला पोचली, तिथल्या विद्वानांनी तिला ‘सरस्वती’ म्हटलं, आणि १८८३च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला.

अनंतशास्त्र्यांची शाळा फसली म्हणून हे झालं का? मी म्हणतो, ती उत्तम चालली म्हणून झालं. ज्या पोरीला लहानपणापासून शब्द फोडायला, अन्वय लावायला, अर्थ विचारायला शिकवलं, ती कलकत्त्यात धर्मशास्त्रं हाती आल्यावर त्यांनाही अर्थ विचारणारच. बायकांविषयी ही शास्त्रं काय म्हणतात, ते तिने स्वतः वाचलं आणि तिथूनच तिचं मन उठत गेलं.

हे वाचून मंडळीतल्या कुणाला आनंद झाला असेल तर त्याने जरा थांबावं. कुंपण हिंदू घराचं होतं, पण नियम कुठल्याही घराला तोच. शेजारच्या वर्धा जिल्ह्याला ज्यांनी देशाच्या नकाशावर आणलं त्या गांधीजींनीही दक्षिण आफ्रिकेत मुलांना शाळेपासून दूर ठेवून स्वतः शिकवलं. त्याबद्दलची मुलांची तक्रार त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. थोरले हरिलाल तर बापाच्या प्रत्येक वाटेच्या उलट चालत राहिले. १९३६मध्ये त्यांनी काही काळ इस्लामही स्वीकारला. तेव्हा घरी शिकवल्याने मूल आपल्याच वेदीपाशी राहील, अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी ही दोन घरं नीट पाहावीत. ‘घरात कोंडून धर्म पाजतात’ म्हणणाऱ्यांनीही तीच पाहावीत.

आता प्रत्यक्ष घरात जाऊ. दारव्हा रोडच्या बाजूच्या अशा एका घरी माझं जाणंयेणं आहे. सकाळी साडेसहाला कौटुंबिक प्रार्थना होते. एक गीत, एक स्तोत्र, आणि धाकट्याची प्रार्थना, जी आजी, पाळकसाहेब, आजारी माणसं असं करत करत रोज कुत्र्यापाशी येऊन संपते. आठ वाजता ओट्याजवळच्या सतरंजीवर वह्या निघतात. आई पोळ्या लाटता लाटता पाढे घेते. चूक झाली की लाटणं ओट्यावर एकदा वाजतं, बस. अकराच्या सुमाराला मुलं मोकळी होतात. चाळीस पोरांच्या वर्गात हजेरी, रांगा आणि ‘गप्प बसा’ यांत जो वेळ जातो तो इथे जात नाही, एवढाच त्यामागचा चमत्कार.

मला तिथलं सगळ्यात आवडलेलं शिक्षण मात्र सतरंजीवरचं नाही. कापसाच्या हंगामात शेजारचे एक शेतकरी काका वजनकाट्याची पावती घेऊन येतात आणि थोरलीला म्हणतात, ‘पाहा वं, बरोबर हाये का?’ भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलाव्यापोटी कापलेला भाव. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत आठ टक्क्यांच्या वर ओल गेली की भावात कपात होते, बाराच्या वर गेली की माल घेतच नाहीत. अकरा वर्षांची ती पोरगी ओट्यावर कोपर टेकून शेकडेवारी मांडते, आणि काका तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडे डोळे लावून बसतात. शेकडेवारीचा धडा यवतमाळ जिल्ह्यात याहून चांगला कुठे मिळेल, हे मला तरी सांगता येणार नाही.

पण त्याच घरातल्या फळीवर अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती वह्यांचे संच आहेत, आणि माझं भांडण आहे ते त्यांच्याशी. त्यांतली पोरं बर्फात घसरतात, डॉलरने संत्री घेतात. थोरलीला मेफ्लॉवर जहाज कुठून कुठे गेलं ते पाठ आहे; झरी जामणीच्या कोलामांची स्वतःची वेगळी भाषा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. अशा काही संचांत पृथ्वीचं वय उणंपुरं सहा-दहा हजार वर्षं सांगितलेलं असतं. ज्या काळ्या दगडाच्या पायरीवर बसून ती हे वाचते तो दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. देवाने सृष्टी केली असं शिकवायला माझी हरकत नाही. त्यासाठी पायाखालच्या दगडाला खोटं पाडावं लागत असेल तर मात्र हरकत आहे. उद्या ही पोरगी पुसदला किंवा नागपूरला कॉलेजात जाईल, भूगोलाच्या पहिल्याच तासाला दगडाचं वय ऐकेल, आणि त्या दिवशी तिचा नुसता वहीवरचा विश्वास उडून थांबेल याची हमी कोण देणार?

‘अमेरिकेचं खूळ’ हा आक्षेप या वह्यांपुरता खरा. एरवी तो उलटाच आहे. मराठी मुलखात आलेले अमेरिकन मिशनरी आपली मुलं थोडी मोठी झाली की कोडाईकनालच्या शाळेत पाठवायचे. ती शाळा १९०१ पासूनची. मुलांना घरी ठेवण्यापेक्षा वर्षातले कित्येक महिने त्यांच्यावाचून राहणं त्यांनी पत्करलं. खुद्द अमेरिकेतली आजची ख्रिस्ती घरशिक्षणाची लाट १९७०-८०च्या दशकांतली, आणि तिथेही या विचाराला आरंभी धार आणणाऱ्या जॉन होल्ट यांचा धर्माशी काही संबंध नव्हता. शाळेत मुलं शिकायचीच विसरतात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बायबलची पाठराखण करायला म्हणून जे आपण आयात केलं, त्याचं मूळ दुसऱ्याच कुणाच्या वैतागात आहे.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप याहून वजनदार आहे. ते म्हणतात, शाळा ही आपल्या लोकांनी आणलेली गोष्ट, आणि आपणच ती सोडायची? खरंच आहे. भिडेवाड्यात शाळा काढण्यापूर्वी जोतीराव फुले यांनी अहमदनगरला जाऊन मिशनरी मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या. घरी शिकलेल्या रमाबाईंनीही मुलीला घरी बसवलं नाही. ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, म्हणजे शाळाच काढली. त्यांची मुलगी मनोरमा अमेरिकेतल्या नॉर्थ चिलीच्या चेसब्रो सेमिनरीत शिकली. ती संस्था फ्री मेथडिस्टांची. म्हणजे ज्यांच्या मिशनने यवतमाळात पाय रोवले आणि उमरीला दवाखाना चालवला, त्यांचीच. आपला आणि रमाबाईंच्या घराचा धागा इतका जवळचा आहे. पण रमाबाईंनी शाळा काढली ती ज्यांना घरच नव्हतं, किंवा असूनही ते शिकवणार नव्हतं, अशा मुलींसाठी. जिथे लक्ष्मीबाई डोंगरे आहेत तिथे शाळेची सक्ती करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसऱ्या लक्ष्मीबाईंचं, टिळकांचं, उदाहरण आहेच. शाळेत न गेलेल्या त्या बाईने घरातच अक्षरं गिरवली आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. शाळेत गेलेल्या किती जणांना तसं मराठी साधलं?

कायद्याचं थोडक्यात. १ एप्रिल २०१०ला लागू झालेला शिक्षणहक्क कायदा मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवतो, पण ते न करणाऱ्या पालकाला त्यात शिक्षा नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत. म्हणून स्वतःच्या दोन लेकरांना शिकवा. प्रेमापोटी शेजारच्या दहा पोरांना जमवून फी घेऊ लागलात की प्रकरण वेगळं होतं. एकलकोंडेपणाचा आक्षेप तर मी धरतच नाही. रविवारची उपासना, संडे स्कूल, नाताळची नाटकं, कापूस-तुरीचे हंगाम, या घरांत माणसांचा तुटवडा कधी नसतो. कमी असतात ती वेगळ्या जातीधर्माची, आपल्याशी वाद घालणारी समवयस्क पोरं, आणि ती आईबापांनी मुद्दाम मिळवून दिली पाहिजेत. संध्याकाळी मैदानावर पाठवा, वाचनालयाचं सभासद करा. तिथे ऐकलेली शिवी घरी आली तर येऊ द्या.

पुढचा अडथळा दहावीचा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं म्हटलं तर शाळा सोडल्याचा दाखला मागतात. ज्याने शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्याने तो कुठून आणायचा? अशा मुलाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट सोपी. चौदा वर्षं पुरी झाली की तिथे स्वतःच्या लेखी निवेदनावर दहावीला प्रवेश मिळू शकतो, माध्यम मराठीही घेता येतं. मुंबईच्या मालविका राज जोशीने बारावी न करता २०१६मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला, हे उदाहरण हल्ली प्रत्येक घरशिक्षणवाला देतो. तिच्या पदरात आंतरराष्ट्रीय प्रोग्रॅमिंग स्पर्धेतली पदकं होती, हे सांगायचं तेवढं राहतं.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या वादात कुणीच काढत नाही. या घरात शिकवतं कोण? तिथे आईच पोळ्या लाटते, पाढे घेते, वह्या तपासते, संडे स्कूलही तीच घेते. बाप संध्याकाळी येतो आणि पाहुण्यांना ‘आम्ही मुलांना घरीच शिकवतो’ असं सांगतो. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना पहाटेशिवाय वेळ नव्हता, कारण दिवस घरकामाचा होता. दीडशे वर्षांनी दारव्हा रोडलाही हिशोब तोच आहे. अनंतशास्त्र्यांनी निदान आधी बायकोला शिकवलं, मग तिच्यावर मुलगी सोपवली. इथल्या आईने बारावीनंतर पुस्तक हातात घेतलं ते मुलांसाठी. ज्या घराला घरशिक्षण हवं आहे तिथल्या बापाने आठवड्यातले निदान तीन दिवस सकाळचं गणित स्वतः घ्यावं, पोळ्याही त्यानेच लाटाव्यात, आणि त्या वेळात बाईंनी बीएच्या अर्जाचं काय ते पाहावं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाला यवतमाळातून घरी बसूनच अर्ज भरता येतो.