दवा, दुवा आणि मोबाईल



तुळिंजहून अंधेरीला नोकरीला जाणाऱ्या माणसाला नायगाव आणि भाईंदरच्या मधली खाडी दिवसातून दोनदा ओलांडावी लागते. दोन वर्षांपूर्वी ती मला ओलांडता येईनाशी झाली. गाडी पुलावर आली की छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. मी नायगावलाच उतरून घरी परतू लागलो. महिन्याभरात कामावर सात खाडे झाले.

अम्मी म्हणाली, नजर लागली. तावीज आला. चाचा म्हणाले, नमाज सुटते म्हणून मन बेचैन होतं. त्यांना दोष देत नाही. जे ठाऊक होतं ते त्यांनी प्रेमाने केलं. मी मात्र रात्री चादरीखाली मोबाईल धरून इंटरनेटवरचा एक स्व-मदत कार्यक्रम सुरू केला. सहा आठवड्यांचा, फुकट, आणि मोहल्ल्यात कुणाला कळण्याची भीती नाही. आपल्यातले किती तरी तरुण आज हेच करत आहेत, म्हणून ही गोष्ट सांगतोय.

तो कार्यक्रम वाईट नव्हता. ही भीती म्हणजे शरीराने चुकून वाजवलेली धोक्याची घंटा आहे, हे मला त्यानेच पहिल्यांदा समजावलं. पुढचा धडा होता, भीतीची शिडी बनवा आणि खालच्या पायरीपासून चढा. मी पहिलीच पायरी ठेवली सकाळी आठची गर्दीची लोकल! अर्थातच कोसळलो. चूक शिडीत होती, पण ते सांगायला समोर कुणी नव्हतं. मी निष्कर्ष काढला की माझ्यावर इलाजच नाही. कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात सुटला आणि मन आणखी खचलं.

शेवटी एक मित्र मला मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेला. त्यांनी आधी रक्ताची आणि थायरॉईडची तपासणी करायला लावली, कारण थायरॉईड बिघडलं तरी छाती अशीच धडधडते. मोबाईल हे कधीच तपासू शकला नसता. मग त्या म्हणाल्या, ‘‘तो कार्यक्रम दाखवा बरं.’’ आम्ही दोघांनी मिळून शिडी पुन्हा लिहिली. रविवारी दुपारी रिकाम्या गाडीने मित्रासोबत वसईपर्यंत. मग नायगाव. मग खाडी ओलांडून भाईंदर. मग एकट्याने. ऑफिसची वेळ सगळ्यात शेवटी. रोजची नोंद मोबाईलमध्ये, आणि पंधरा दिवसांनी ती त्यांच्यासमोर. दर आठवड्याची फी मला झेपली नसती. मधला गृहपाठ मोबाईलवर झाल्याने पंधरा दिवसांचं अंतर चाललं.

माझा एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. पण २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नैराश्याच्या ६९१ रुग्णांचा एक अभ्यास आला. काहींना नेहमीच्या डॉक्टरी उपचारांसोबत संगणकावरचे असे कार्यक्रमही दिले होते. चार महिन्यांनी त्यांना विशेष जादा फायदा दिसला नाही, कारण बहुतेकांनी एक-दोन धड्यांतच सोडून दिलं होतं. याउलट, नियमित विचारपूस आणि मार्गदर्शन करणारा माणूस सोबत असला की असे कार्यक्रम जास्त उपयोगी पडतात, असं इतर अनेक अभ्यास सांगतात. म्हणजे नुसती लिंक पाठवून भागत नाही. ती आपल्यासोबत उघडून बसणारं कुणीतरी लागतं.

ही समज आपल्या परंपरेत नवी नाही. दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. घरात औषधं ठेवतो तसे शांत वेळी चांगले विचार साठवून ठेवावेत, असं त्यांनी सुचवलं. आणि स्वतःच्या विचारांबरोबर बाहेरच्या माणसाच्या सल्ल्याचीही गरज मांडली. मराठीत कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती रुजवली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे मराठी व्हिडिओ मोफत पाहता येतात. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुवा’ हा उपक्रम चालला. तिथे श्रद्धा न सोडता लोक डॉक्टरपर्यंत पोहोचले. दुवेसोबत दवा चालते, तर मोबाईलसोबत मानसोपचार का नाही?

पण मर्यादाही स्पष्ट हव्यात. मरणाचे विचार येत असतील, कानात आवाज येत असतील, दिवसेंदिवस झोप नसेल, तर मोबाईलच्या धड्यावर विसंबू नका. थेट डॉक्टर गाठा. ॲपने ‘सुधारणा’ दाखवली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. आपण लिहिलेली माहिती कुठे जाते, हे आधी वाचा. आणि वन रूम किचनमध्ये सहा माणसं, त्यात बहिणीचा मोबाईल भाऊ आणि अब्बा दोघेही तपासतात, तिथे तिने मनातलं लिहायचं कुठे? हा प्रश्न आपल्या घरांनी स्वतःला विचारायचा आहे.

निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मानसिक आजारांत उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. म्हणून मागणी दोन ठिकाणी करू. वसई-विरार महापालिकेकडे : प्रत्येक वस्तीच्या जवळ, ठरलेल्या वारी, मराठी-हिंदी-उर्दू बोलणारा समुपदेशक. आणि आपल्या जमातींकडे : आठवड्यातून दोन तास एक रिकामी खोली, जिथे मुलगा किंवा मुलगी दार लावून फोनवर बोलू शकेल.

तोवर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक जवळ ठेवा. चोवीस तास, मोफत, मराठीतही. माझ्या मोबाईलमध्ये तो अम्मीच्या नंबरखालीच आहे.

खाडी मी आता रोज ओलांडतो. छाती कधीतरी अजून धडधडते. तावीज अम्मीने दिलेला आहे, तो पाकिटात असतो. तपासणीची पुढची तारीखही त्याच पाकिटात असते.