ट्रेडमिल घेताना चकाकी नको, मोटर बघा

वस्तीची व्यायामशाळा वर्गणीतून किंवा क्रीडा विभागाच्या अनुदानातून उभी राहते. पैसा सगळ्यांचा असतो, म्हणून खरेदी डोळसपणे व्हावी, असे आम्हाला वाटते.

घरगुती ट्रेडमिल स्वस्त पडते, पण ती एका कुटुंबापुरती असते. तीस-चाळीस जण रोज चढू लागले की मोटर तापते, पट्टा घसरतो. व्यायामशाळेतल्या वापराला तिची वॉरंटीही सहसा लागू होत नाही. दोन घरगुती घेण्यापेक्षा एकच व्यावसायिक घ्या. एसी मोटर, सलग चालण्याची ताकद किमान ३ एचपी हवी. 'पीक एचपी'च्या मोठ्या आकड्याला भुलू नका. अर्थिंग आणि स्टॅबिलायझर हवेतच. यंत्रामागे २ मीटर जागा मोकळी ठेवा. सेफ्टी की कपड्याला अडकवल्याशिवाय कोणी चढू नये. दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येईल, तेही लेखी घ्या.

आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुरुषांना त्यासाठी रस्ता पुरतो. पण टेंभुर्णीत पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेने अंधारात आपल्या बायकांनी चालायचे कसे? बीपी-शुगर त्यांनाही आहे. म्हणून यंत्र येण्याआधी महिलांची वेळ फळ्यावर लिहा. ती लिहिणार नसाल, तर वर्गणी मागायला आमच्या दारात येऊ नका.