आधी चाके

मुलांनो, यंत्रमानवांच्या स्पर्धेचे वेड आता आमच्या साक्रीपर्यंत येऊन पोहोचले आहे, आणि ते आले याचा मला आनंदच वाटतो. एक गोष्ट मात्र खटकते. मुले प्रथम रोबोचा हात घडवितात, त्याला दिव्यांचे डोळे बसवितात, रंग देतात. आणि चाकांचा विचार स्पर्धेला चार दिवस उरले म्हणजे करतात. मग ऐन वेळी रोबो हात हालवीत जागच्या जागी उभा राहतो! माझे मत नेमके याच्या उलट आहे. चाके आधी करावीत, आणि पहिल्या रोबोला तरी ती साधीच असावीत.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही आशिया-पॅसिफिक देशांची स्पर्धा २००८ साली पुण्यास भरली होती. तिचा विषय होता आपली दहीहंडी! पाहणाऱ्यांचे डोळे उंच टांगलेल्या मडक्यांकडे लागलेले असणार. परंतु मडक्याजवळ नेमक्या जागी जाऊन थांबणे हे काम चाकांचेच. तळचा थर डगमगला, तर वरच्या गोविंदाने काय करावे?

साधी चाके म्हणजे कोणती? आपली बैलगाडी नीट पाहा. (ट्रॅक्टरच्या गर्दीत ती आता क्वचितच दिसते, तेव्हा दिसली की थांबून पाहाच.) तिची दोन्ही चाके एकाच आसावर असली, तरी प्रत्येक चाक स्वतंत्र फिरते. म्हणून वळताना आतले चाक थोडे फिरते, बाहेरचे अधिक, आणि गाडी सहज वळते. रोबोलाही डाव्या चाकास एक व उजव्या चाकास एक अशा दोन मोटारी द्या. दोन्ही सारख्या फिरल्या की तो सरळ जाईल. एक मंद केली की त्या बाजूस वळेल. एक पुढे व एक मागे फिरविली की जागीच गिरकी घेईल. तोल राखण्यास खुर्चीला असते तसे सर्व बाजूंना वळणारे एक छोटे चाक पुरे. मात्र ओझ्याचा मोठा भाग मोटारीच्या चाकांवर यावा, नाहीतर ती जमिनीला धरणार नाहीत. कांद्याच्या गोण्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको.

आता वेगाचा हिशेब. मोटार मिनिटाला ६०० फेरे घेते असे धरू. तिच्यावर १२ दात्यांचे आणि चाकाच्या आसावर ३६ दात्यांचे चक्र बसविले, तर चाक २०० फेरे घेईल. वेग तिसरा हिस्सा झाला. पण फिरविण्याचा जोर, घर्षणात जाईल तेवढा वगळता, तिप्पट झाला. चाकाचा व्यास १० सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात रोबो सुमारे ३१ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ एक मीटर जाईल. शाळेच्या मैदानात शर्यत लावावयाची नसेल, तर एवढा वेग पुष्कळ झाला.

काही मुलांना तिरप्या रुळांच्या चाकांचा मोह पडतो. स्वीडनच्या बेंग्ट इलोन या अभियंत्याने ती १९७० नंतरच्या दशकात शोधून काढली. त्यांच्या योगे यंत्र तोंड न वळविता खेकड्यासारखे आडवे सरकते. युक्ती विलक्षण आहे, यात शंका नाही. परंतु तीस चार चाके, चार मोटारी लागतात, आणि चारही चाके जमिनीवर सारखी टेकावी लागतात.

एका शाळेतील मुलांनी अशी महागडी चाके आणविली होती. खालची फळी किंचित पिळलेली निघाली. एक चाक अधांतरी राहू लागले, आणि रोबो पुढे जा म्हटले की तिरपा जाई. रडवेली होऊन ती मुले मजकडे आली. मी त्यांना दोन साधी चाके लावावयास सांगितले. "गुरुजी, पण हे फारच सोपे झाले!" एक मुलगी म्हणाली. त्या सोप्या रोबोवर तिने उरलेले तीन दिवस शाळेच्या व्हरांड्यात सराव केला. खडूच्या रेघेवरून रोबो नेणे, वळविणे, नेमका थांबविणे. बक्षीस त्यांना मिळाले नाही. पण रोबो प्रत्येक फेरीत चालला. ती तिरपी चाके शाळेच्या कपाटात आहेत. यंदा पिळ न पडणारी लोखंडी चौकट करून ती पुन्हा बसविण्याचा मुलांचा बेत आहे. आता त्यांनी ती अवश्य बसवावीत.