परवानगी कोणाची, कशासाठी?

15 ऑक्टोबर 2021 रोजी मुंबईची तरुण वैमानिक आरोही पंडित छोटंसं विमान घेऊन भूजहून निघाली आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरली. जे. आर. डी. टाटांनी 1932 मध्ये याच तारखेला कराचीहून मुंबईला टपाल आणलं होतं, त्याची ही आठवण. त्याआधी 2019 मध्ये तिने असंच हलकं विमान एकटीने अटलांटिकपार नेलं होतं. अशी बातमी आली की ‘बाईने आकाशाला गवसणी घातली’ म्हणून आपण मोकळ्या होतो.

मला शेवटचे काही मैल जास्त महत्त्वाचे वाटतात. मुंबईवरचं आकाश मुळीच मोकळं नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. जुहू तिथून अगदी जवळ, आणि त्याची धावपट्टी जवळपास त्याच दिशेची. छोट्या विमानाने इथून जायचं तर नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. किती उंचीवर, कोणत्या वाटेने, हे ऐकून पुन्हा म्हणून दाखवावं लागतं. जुहूलाच सांताक्रूझ समजून 1953 मध्ये बी.ओ.ए.सी.चं कॉमेट आणि 1972 मध्ये जपान एअर लाइन्सचं डीसी-8 तिथे उतरलं. चालवणारे पुरुषच होते. ‘पुरुषांच्या हाती विमान देऊ नये’ असं कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मैत्रिणींनो, परवानगी हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा. मीरा-भाईंदरच्या वस्त्यांत काम करताना मला तो रोज भेटतो. भाईंदरहून बोरिवलीला क्लासला जायचं तर वडिलांची, लग्नानंतर नवऱ्याची आणि सासूची. ‘नियम हवेतच, विमानालासुद्धा असतात,’ असं एक काका बैठकीत म्हणाले. असतात ना! पण ते लिहिलेले असतात, बाई-पुरुष सगळ्यांना सारखे असतात आणि टक्कर होऊ नये म्हणून असतात. सूचना धोक्याची वाटली तर वैमानिक ‘जमणार नाही’ असं सांगू शकते. तो उद्धटपणा ठरत नाही, कारण विमानाची अखेरची जबाबदारी तिची. कोणी संकटात असल्याची हाक आली की बाकीचे गप्प बसतात, तिला आधी वाट देतात.

घरातला नियम कुठे लिहिलेला नसतो. तो एकटीलाच असतो. आणि शेजारणीची हाक आली की भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज वाढतो.

वैमानिकाच्या प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात. आपल्या वस्तीतल्या बहुतेक मुलींना ते परवडणार नाही, हे खरंच आहे. पण नियमाचं कारण विचारायला, ‘जमणार नाही’ म्हणायला आणि हाकेला धावून जायला पैसे पडत नाहीत.

येत्या तीन महिन्यांत गटाच्या एका बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या परवानग्यांची यादी करावी. प्रत्येक परवानगीपुढे दोन प्रश्न लिहावेत: हाच नियम घरातल्या मुलालाही आहे का? तो नेमका कोणाला वाचवतो? याद्या आमच्याकडे जरूर पाठवा. पुढच्या अंकात त्यांवर बोलू.