मोटार आपली, किल्ली कोणाची?

आसन तापविण्याची सोय मोटारीत आधीच बसविलेली; तरीही ती वापरण्यासाठी बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये मासिक शुल्क मागितले. ग्राहकांनी पाठ फिरविली, तेव्हा २०२३ मध्ये हा प्रकार थांबला. २०२२ मध्येच युक्रेनच्या मेलिटोपोलमधून रशियन सैन्याने पळविलेली जॉन डिअरची शेतीयंत्रे दुरूनच निकामी करण्यात आली. लुटारूंची फजिती झाली, हे योग्यच. पण ती किल्ली सज्जन-दुर्जन ओळखत नाही. उद्या शुल्क थकले वा परराष्ट्राची मर्जी फिरली आणि सावली तालुक्यातील धानाच्या बांधीत ऐन चिखलणीला ट्रॅक्टर थबकला, तर शेतकऱ्याने दाद कोठे मागायची? कारखाना पुण्यात आणि किल्ली सातासमुद्रापार, हे स्वदेशी कसले? पूर्ण दाम मोजलेल्या वाहनावर मालकाचाच अधिकार राहील, असा कायदा शासनाने करावा.