लग्न हा उतारा नव्हे

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या नायकामागे भावकीनं लग्नाचा लकडा लावला आहे. पण त्याचं मन पुरुषावर आहे हे आईला ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे. म्हणून तो तरतो. ज्यांच्या बाजूनं कुणीच उभं राहिलं नाही त्यांचे संसार पडद्यावर आधीच आले आहेत. अमोल पालेकरांच्या ‘थांग’मध्ये (२००६) नवऱ्याचं खरं मन बायकोला कळतं ते संसार मुरल्यावर. मल्याळम ‘काथल’मध्ये (२०२३) वीस वर्षं सोसून बायको ओमानाच घटस्फोट मागते. तिच्या नवऱ्याचा कल ठाऊक असूनही त्याला बोहल्यावर चढवलं होतं त्याच्या वडिलांनी.

अशी गोष्ट उतारवयात उघडी पडली की आपण त्या माणसाला लबाड ठरवून मोकळे होतो. पण आज साठीत असलेल्या पुरुषाचं पन्नाशीपर्यंतचं आयुष्य समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या धाकात गेलं. सर्वोच्च न्यायालयानं तो धाक काढला ६ सप्टेंबर २०१८ रोजी. घरातला धाक मात्र कुठलंच न्यायालय काढू शकत नाही.

मुंबई-नाशिक महामार्गावरचा पडघा परिसरच घ्या. शेतं गेली, गोदामं आली, परमुलखातली माणसं आली. तरी ‘लग्न झालं की येईल ताळ्यावर’ हा भरवसा जागचा हललेला नाही, इथेही नाही आणि मुंबई-पुण्यातही नाही. त्या भरवशावर मुलाचा जन्म कोंडला जातो आणि जिचा काडीचाही दोष नाही अशी परकी मुलगी, आपल्यातच काही कमी असेल, असं समजून झुरते. स्त्रीवर मन असलेल्या मुलीला तर कुणी विचारतही नाही. तिचं थेट स्थळच ठरतं.

मुलगा किंवा मुलगी लग्नाला पुन्हापुन्हा नकार देत असेल, तर स्थळं बघण्याआधी आईवडिलांनी कारण विचारावं आणि निमूटपणे ऐकावं. उत्तर पचायला वेळ लागेल, तो जरूर घ्यावा. पण तोवर दुसऱ्याचं लेकरू त्या घरात आणू नये.