साहेब नको, पण काम कुणाचं?

'आमच्याकडे कुणी साहेब नाही, सगळं मिळून ठरवतो,' असं हल्लीची तरुण मंडळी अभिमानानं सांगतात. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला ते ऐकून बरंच वाटतं. साहेबी मी जवळून पाहिली आहे. पण लगेच विचारावंसं वाटतं, कुठलं काम कुणाचं, हे ठरलं आहे का?

मुंबईचे डबेवाले पाहा. 1890 च्या सुमारास सुरू झालेल्या या धंद्यात टोळीचा मुकादमही डबे उचलतो आणि टोळीची मिळकत सारखी वाटली जाते. तरी कामाची वाटणी काटेकोर. डबा कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर पोचवायचा, हे झाकणावरच्या खुणाच सांगतात.

बँकेतही तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांच्या नावे असतात. त्यात अविश्वास नसतो; उद्या काही कमी भरलं तर भलत्याकडे बोट जाऊ नये, एवढीच सोय.

ज्या कामाला नाव नसतं, ते 'नाही' म्हणता न येणाऱ्याच्या गळ्यात पडतं. कचेरीत निरोपसमारंभाची वर्गणी बहुधा एखाद्या मुलीनं गोळा करायची. घरात आजोबांची औषधं, गॅसची नोंदणी, पाहुण्यांची उठबस आईनं. तिला हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तक्रार तरी कुणाकडे करणार?

साहेब खुशाल जाऊ द्या. पण त्याच्यामागे उरलेल्या कामांची यादी करा, प्रत्येकापुढे नाव घाला आणि सहा महिन्यांनी नावं फिरवा. सुरुवात आज, जेवणं आटोपल्यावर, घरातूनच करायला हरकत नाही.